मागच्या बाकावर

३ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या दुकानातला चष्मा इथे गाजतोय. राजदूतसाहेबांनीसुद्धा काड्यांची चौकशी केली. एवढी फुकट जाहिरात केल्यावर आता कामाचं लिहिते.

इथे एका मुख्याध्यापिकेवर खटला चालू आहे. त्यांच्या शाळेतल्या शिक्षिकेला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली, पण नवऱ्याने सही दिली नाही म्हणून पासपोर्ट मिळाला नाही. इथला कायदाच तसा. तो बदलावा म्हणून बाईंनी अर्ज लिहिला आणि घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. त्यावरून लोकांना चिथावल्याचा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात टाकलंय.

आपल्या सरकारने परराष्ट्र धोरणात स्त्रियांचे हक्क घेतल्यापासून अशा खटल्यांना वकिलातीतलं कोणीतरी हजर राहतं. इथे ते काम माझ्याकडे आहे. बोलायचं काही नसतं. मागच्या बाकावर बसायचं, टिपणं घ्यायची, परत यायचं. बाईंची माझी ओळखही नाही. त्यांना आत आणतात तेव्हा त्या एकदा मागे वळून बघतात, एवढंच.

आता दोन्ही देशांमध्ये बंदराचा करार व्हायचाय. इथल्या मंत्रालयाने कुरकुर केली, तेव्हा साहेबांनी मला सांगितलं की करार होईपर्यंत कोर्टाकडे फिरकू नकोस. मी मान डोलावली आणि गेल्या तारखेला गेले नाही. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही. तुला काय वाटतं, ते न रागावता लिही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या प्रश्नांमुळे आटू देऊ नकोस.

तुझी,
ठमी

१२ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

मी म्हणतो, साहेबांचं ऐक. बंदर झालं तर किती घरांत काम येईल. त्यात बायकाही असतीलच. लहानपणी गल्लीतल्या प्रत्येक भांडणात तू पंच म्हणून घुसायचीस आणि मार खाऊन यायचीस. तेव्हा निदान मी कोपऱ्यावर असायचो. आता परक्या मुलखात तुला काही झालं तर मी इथे काचा पुसत बसण्यापलीकडे काय करणार? काळजीपोटी लिहितो, राग नाही.

खाली तुझ्या वहिनीला जागा सोडली आहे. ती माझ्या विरुद्धच लिहिणार.

तुझा,
दादा

प्रिय ठमे,

विरुद्ध नाही, वेगळं लिहितेय. मुलगी झाल्यावर मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात परत रुजू व्हायचं म्हणाले, तेव्हा सासूबाई आणि काका मला समजावायला बसले होते. तुझे दादा दुकानात होते. तू कॉलेजातून आलीस आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता माझ्या शेजारी बसलीस. एक शब्द बोलली नाहीस. पण काकांचा आवाज खाली आला आणि मला माझं बोलणं पुरं करता आलं. तुझ्या साहेबांना मी ओळखत नाही, त्यामुळे तू काय करावंस ते सांगत नाही.

तुझी,
वहिनी

४ एप्रिल

ती. दादा आणि वहिनी, नमस्कार.

पत्र मिळालं त्याच दिवशी मी बाईंच्या बहिणीला जाऊन भेटले. मी नव्हते त्या तारखेला न्यायाधीशांनी घरच्यांना बाहेर काढून दारं लावून घेतली. बाईंना सगळा वेळ उभं ठेवलं आणि त्यांच्या वकिलाला तोंड उघडू दिलं नाही.

मी तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, हे मी अहवालात लिहिणार, आणि आपण तिथे का नव्हतो तेही लिहिणार. ते भडकले. बंदर बुडालं तर कोण निस्तरणार, असं विचारलं. मी म्हटलं, आपलं धोरण सोयीचं असेल तेव्हाच पाळायचं असेल, तर मला तसं लेखी द्या. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं, आणि मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

पुढच्या तारखेला सकाळी ते कोट घालून माझ्या दारात उभे. गाडी खाली आहे म्हणाले, आणि पंखा कुठल्या बाकावर येतो ते विचारलं. खुद्द राजदूत बसलेले बघून दारं उघडीच राहिली. वकील मनसोक्त बोलला.

तुमची,
ठमी

१५ एप्रिल

चि. ठमीस, आशीर्वाद.

वहिनीची ती दुपार मला आजवर ठाऊक नव्हती. तिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कोणाच्या बाजूला बसला असता याची खात्री नव्हती. मग मी तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. तू जात राहा. जपून जा.

दादा

२० मे

ती. दादा आणि वहिनी,

निकाल लागला. बाई दोषी ठरल्या, पण तुरुंगात काढलेले दिवस हीच शिक्षा धरून त्यांना सोडलं. शाळेत परत घेणार नाहीत. सहीचा कायदा आहे तिथेच आहे. बंदराचा करार लांबणीवर पडला आणि साहेबांना मुदतीआधी घरी बोलावलंय. जाताना त्यांनी मला शेरा चांगला दिला, पण बोलले मात्र कमी.

कोर्टाच्या बोळात बाई प्रथमच माझ्याशी बोलल्या. त्यांनी विचारलं, मध्ये एका तारखेला दिसला नाहीत, आजारी होतात का? तुरुंगात त्यांना माझी काळजी लागून राहिली होती. हो म्हणणं सोपं होतं. मी खरं ते सांगितलं, की येऊ नको म्हणून हुकूम झाला आणि मी तो ऐकला. त्या म्हणाल्या, पुन्हा आलात ते कोणाचं ऐकून?

मी म्हटलं, माझ्या वहिनीचं.

ठमी