भिंतीवरची भुवई

११ मार्च

ती चित्रकार बाई आज पुन्हा आली. इनेस. तिशीचीसुद्धा नाही, बुटांवर रंगाचे डाग, हातात सदा कॉफी. न्हाव्याच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर जरेलचं चित्र काढायचंय म्हणे. तीन मजली! खाली त्याचं नाव, तारीख आणि ‘न्याय द्या’. म्हणाली, "तुम्ही एकदा कच्चं चित्र बघा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी रेघ ओढणार नाही." मी म्हटलं, बये, माझा धाकटा पाच महिन्यांपूर्वी पोलिसांनी दुसराच कुणी समजून गोळी घालून मारला. एकोणीस वर्षांचा होता. आता चित्र बघून मी काय करू? काढायचं तर काढ.

फोटो हवा होता. पेटीत हात घातला, शाळा पास झाल्याच्या दिवसाचा, निळ्या झग्यातला लागला तो पाकिटात टाकला. बघितला नाही. बघवतच नाही. पाकीट थोरल्या डोरियनकडे दिलं — जा, नेऊन दे तिला. माझी शिफ्ट चुकत होती. इस्पितळाच्या लाँड्रीत कुणाचं पोर मेलं म्हणून चादरी थांबत नाहीत.

२ एप्रिल

डोरियन कच्चं चित्र बघून आला. कसंय म्हटलं. "बरंय." बस. थोरल्याच्या तोंडून हल्ली दोन शब्द निघाले तरी खूप.

१९ एप्रिल

शेवटी गेले मीही. चर्चच्या तळघरात अख्खी गल्ली जमली होती. थेट भिंतीवर नाहीच रंगवत! पातळ पांढरं कापड, पाच-पाच फुटांचे चौकोन, त्यावर रेघा आणि आकडे. आकडा बघायचा आणि त्या आकड्याच्या डब्यातला रंग भरायचा. मग सगळे तुकडे नेऊन भिंतीवर खळीनं चिकटवायचे. आपण काय रंगवतोय ते कुणालाच कळत नाही. शेजारची मिस एर्लिन ब्याऐंशीची, तिनं दुपारभर नुसतं आकाश रंगवलं. मला म्हणते, "वर्डेल, मी तुझ्या पोराचं नाक काढतेय, मध्ये बोलू नकोस!" हसले मी. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

माझ्या वाट्याला एक्केचाळीस नंबर. सगळा चौदा आणि नऊ, म्हणजे गडद तपकिरी आणि काळा. मधेच एक तिरकी बारीक पट्टी, तिथे सहा. फिकट. मी इनेसला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "फोटोत आहे तसं आहे, काकी. उजेड असेल." भरली पट्टी. रेघेबाहेर जाऊ दिली नाही. आठवीत शाळा सोडली मी, पण रेघेच्या आत रंग भरायला मला कुणी शिकवायला नको.

१४ जून

कसं लिहू.

दुपारी अनावरण. ढोल, पास्टर टिब्ज, टीव्हीवाले दोघं. पडदा खाली आला, लोक ओरडले — जरेल! जरेल! मी वर बघितलं.

डावी भुवई मधून तुटलेली. एक फिकट तिरकी पट्टी.

माझ्या जरेलची भुवई तुटलेली नव्हती. डोरियन सात वर्षांचा असताना पायरीच्या लोखंडी कठड्यावर आपटला, चार टाके पडले, तिथे पुन्हा केस आलेच नाहीत. माझ्या जिवंत पोराचं तोंड लावलंय भिंतीवर. खाली धाकट्याचं नाव. जन्माची तारीख, मेल्याची तारीख.

आणि ती भुवई मीच रंगवली. याच हातानं!

लोक मेणबत्त्या ठेवत होते. डोरियन माझ्या शेजारी उभा होता, हात खिशात, वर बघत. मी त्याचा दंड धरला. तो म्हणाला, "बघू नकोस, ममा. लोक तुझ्याकडे बघतायत."

१५ जून

दोघांचे फोटो सारखेच. शाळा एक, निळा झगा एक, मागचा पडदासुद्धा तोच, फक्त दोन वर्षांचं अंतर. लहानपणी लोक जुळे म्हणायचे. पण मी आई आहे ना? पाच सेकंद लागले असते. चष्मा डोळ्यावर चढवायचा आणि बघायचं. मला पाच सेकंद नव्हते. मला कधीच नसतात. जन्मभर सगळ्यांना चल-चल, आवर-आवर.

डोरियनला म्हटलं, माझ्या हातून चुकलं रे. तो म्हणाला, "जाऊ दे. आता दाढी करायला आरसा नको, खाली जाऊन भिंतीत बघेन." असले विनोद करतो. मग ताट तसंच सोडून उठला.

२२ जून

क्लीओफस न्हावी दाराशी बसला होता. मी भिंतीखालून मान घालून चालले होते, तर म्हणतो, "अगं, थांब जरा! मला पहिल्या दिवशीच कळलं."

"काय कळलं?"

"कान. लहान होते तेव्हापासून दोघांचे केस कापतोय मी. जरेलचा कान पुढे आलेला. हा डोरियन आहे."

"मग बोलला का नाहीस, म्हाताऱ्या?"

"तू रडत होतीस. बाईला असं सांगतात का, की तू चुकीच्या पोरासाठी रडतेयस?"

माझ्या तोंडात शिवी आली होती, गिळली. दुकानात गिऱ्हाईक होतं.

२३ जून

पास्टरांकडे गेले. म्हटलं, चित्र उतरवा. माझं जिवंत पोर रोज सकाळी स्वतःच्या मयतीच्या मेणबत्त्या ओलांडून कामाला जातं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर वर्डेल, सरकारी वकिलाचा निर्णय महिन्या-दीड महिन्यावर आलाय. त्या पोलिसावर खटला भरायचा की नाही, ते ठरायचंय. आत्ता आपणच म्हणालो की चेहरा चुकला, तर त्यांची माणसं टीव्हीवर हसतील. म्हणतील, यांना स्वतःचे मेलेलेसुद्धा ओळखता येत नाहीत, आणि आमचा माणूस ओळखायला चुकला म्हणून बोंब मारतात!"

बरोबर बोलले. म्हणून जास्त राग आला. निर्णय होईपर्यंत गप्प बसायचं ठरलं. पास्टर, मी, न्हावी — तिघंच. आणि डोरियन.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाचे फटाके. कानात कापूस घालून बसले.

१९ जुलै

मोर्चा. कोर्टापर्यंत. त्या भिंतीवरचं तोंड आता सदऱ्यांवर छापलंय. दोनशे तरी असतील. पुढे बघितलं तर पाठी-पाठींवर डोरियन. मागे बघितलं तर छाती-छातींवर डोरियन. आणि मधे खरा डोरियन, टोपी डोळ्यांवर ओढून.

एक गोरी पोरगी त्याला सदरा द्यायला आली. "तुम्ही त्याला ओळखत होता का?" हा म्हणतो, "थोडाफार." पोरीच्या डोळ्यांत पाणी! म्हणाली, "किती चांगला दिसायचा." हा म्हणतो, "थँक यू."

मी हसले. मग मोर्चातून बाहेर पडून रस्त्याच्या कडेला बसले.

२ ऑगस्ट

डोरियन टायरच्या दुकानात जात नाहीये. चार दिवस झाले. जेवायला बसतो, काटा फिरवतो, उठतो. काल त्याचे आवडते तळलेले मासे केले, मक्याचा पाव केला. मांजरानं खाल्ले.

आज ओरडलेच. एक पोर मातीत गेलं, दुसरं आता माझ्या डोळ्यांसमोर मरणार काय? तो शांतपणे म्हणाला, "मला तर तू टांगलंयस ना आधीच." लगेच म्हणाला, "सॉरी ममा. तसं नाही."

तसंच आहे. मी टांगलंय. निर्णय लागू दे, स्वतः शिडी लावून फाडते ते कापड!

९ ऑगस्ट

खटला भरणार नाहीत.

चाळीस पानांचा अहवाल. आमच्या वकीलबाईंनी टेबलावर वाचून दाखवला, मी म्हटलं होतं सगळं वाचा. पोलीस दुसऱ्या एका माणसाचं पकड वॉरंट घेऊन फिरत होते. कोर्टाची तारीख चुकवलेला कोणीतरी. जरेल त्याच्या वर्णनात बसला. हाक मारली, तो पळाला, वळला, हातात ‘एक वस्तू’ होती.

वस्तू म्हणे! माझे बूट होते. टाच लावून आणायला मी पाठवला होता त्याला.

मी विचारलं, तो दुसरा कोण? वकीलबाईंनी पान दाखवलं. नावाच्या जागी काळी पट्टी. "खाजगी माहिती आहे, झाकतात." माझ्या पोराचं नाव तीन मजली, आणि त्याचं झाकायचं! कोण असेल तो, त्याला ठाऊक तरी असेल का? असला तर झोप येते का त्याला? देव त्याला कधी—

डोरियन खुर्ची सरकवून बाहेर गेला.

बाहेर लोक रडत होते, घोषणा देत होते. मला घोषणा येईना. घरी आले, चादर डोक्यावरून घेतली.

१० ऑगस्ट

काही नाही. बूट तसेच पुराव्यात पडलेत.

११ ऑगस्ट

आता लपवायचं कशासाठी? जे मिळायचं नव्हतं ते मिळालं नाहीच. इनेसला बोलावून सगळं सांगितलं. बिचारी जिन्यातच बसली. म्हणे मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, तुला फोटो दिला तसा तू काढलास, नाक पूस. ती म्हणाली चेहऱ्याचे सहा तुकडे नव्यानं रंगवून वरून चिकटवता येतील. फक्त जरेलचा फोटो हवा. तोच, झग्यातला, म्हणजे माप जुळेल.

पेटी उपडी केली. बाप्तिस्म्याचे, ख्रिसमसचे, माझ्या आईचे — सगळे आहेत. तो नाही. डोरियनचाही नाही, म्हणजे तो इनेसकडे. पण जरेलचा कुठे गेला? गादीखाली, बायबलात, कपाटामागे, सगळीकडे बघितलं. डोरियनला म्हटलं, मदत कर की जरा! तो दारात उभा राहून बघत होता.

"नको बदलू, ममा. राहू दे ते."

मी म्हटलं, तुला भिंतीवर मेलेला बघत मी म्हातारी व्हायची नाही. गप्प बस आणि शोध.

१२ ऑगस्ट

सकाळी अंडी करत होते. डोरियननं खिशातलं पैशाचं पाकीट उघडून फोटो टेबलावर ठेवला. जरेल. निळा झगा, पुढे आलेला कान. कोपरे झिजून मऊ झालेत.

"तू बरोबर फोटो घातला होतास, ममा. तू कामाला गेल्यावर मी तो काढून पेटीतला माझा घातला."

मी उलथनं धरून उभी.

"ती काळी पट्टी आहे ना अहवालात. तिच्याखाली माझं नाव आहे. त्या दिवशी सकाळी पोलीस टायरच्या दुकानात मला शोधायला आले होते. मी मागच्या दारानं पळालो. जरेलला फोन करायला हवा होता. केला नाही."

दहा महिने हा माझ्यासमोर बसून जेवत होता.

अंडी करपायला लागली. उतरवली. करपलेली माझ्या ताटात घेतली, बरी त्याच्या. म्हटलं, बस. खा आधी.

तो बसला.