जाहिरात संपली की मी उठते

पुणतांबे,
फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप मामा व मामी यांच्या पायांवर डोके ठेवून मनकर्णाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे, आणि मामींचा खोकला? (गुडघा तुमचा आणि खोकला मामींचा, की उलट, हे आईला पक्के आठवत नाही; म्हणून दोन्ही दोघांना विचारते.) इकडे आई, नाना, मालनआत्या खुशाल. म्हैस व्याली, रेडी झाली. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलेत की शेजाऱ्यांकडे बसून टेलिव्हिजन पाहिला, पण त्यावर जाहिरात एकही नसते. वाचून फार वाईट वाटले. मुंबईचे लोक मग त्यात बघतात तरी काय?

पत्रास कारण की, नाना तुम्हाला केडगावच्या स्थळाबद्दल लिहिणार आहेत. मामाचा शब्द येईल तसे करू, असे त्यांनी पाहुण्यांना सांगून ठेवले आहे. त्याआधी खरे काय घडले ते तुमच्यापर्यंत पोचावे, म्हणून हा खटाटोप. माझे मत स्पष्ट आहे: हे स्थळ जमणार नाही, आणि न जमल्याने माझे काही अडत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे की मॅट्रिकला बसू देताना नानांनी माझ्याकडून खंडोबाचा भंडारा उचलवून घेतला होता, की पिक्चर बघायचा नाही. ती शपथ मी आजवर पाळली. पण यंदा बाजारतळावर तंबू टॉकीज उतरली, तेव्हा शपथेत जाहिरातीही येतात का, अशी शंका आली. मनात शंका असली की मला जेवण जात नाही, म्हणून मी सरळ नानांनाच विचारले. नाना म्हणाले, "जाहिरात म्हंजी काय? साबन घ्या, त्याल घ्या. त्यो तर बाजार झाला. बाजारात जायला तुला कोन न्हाई म्हनतंय?" (हे वाक्य मी आत्याला साक्षी ठेवून पुन्हा वदवून घेतले.)

तेव्हापासून मी आत्याबरोबर तंबूत जाते, जाहिराती पाहते आणि पिक्चरचे नाव पडद्यावर उमटायच्या आत उठून बाहेर येते. तंबूत मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत खेळ थांबतो, आणि ऑपरेटर पुंजाराम नव्या रिळाच्या तोंडाला कधीकधी एखादी जाहिरात जोडतो. म्हणून मला आतबाहेर करावे लागते. मधल्या वेळात मी तंबूमागे डिझेल इंजिनाजवळ पोत्यावर बसते. जाहिरात असली की पुंजाराम कनातीतून ओरडतो, "ओ मास्तरीनबाई, या, तुमचं आलं!" आत्या मात्र जागची हलत नाही. तिने भंडारा उचललेला नाही.

मामा, हसू नका. पिक्चरवाल्यांना जे सांगायला तीन तास लागतात (असे आत्या म्हणते, मी पाहिलेले नाही), ते हे लोक चुलीवरचे दूध वर यायच्या आत सांगून मोकळे होतात. चहाची एक जाहिरात आहे. म्हातारा स्टेशनमास्तर, गाडी गेलेली, फलाट रिकामा. बायको घरून किटली घेऊन येते. तो एक घोट घेतो आणि काही न बोलता दुसरा कप तिच्यासाठी भरतो. संपले. गाणे नाही, मारामारी नाही, पण त्यांचा सगळा संसार कळतो. त्यांना मूलबाळ नाही हेसुद्धा मला कळले, ते तिच्या चालण्यावरून. असे लिहायला किती धीर लागत असेल! मी शाळेत एक बेरीज शिकवायची तर अर्धा तास बोलते.

आता स्थळाचे. केडगावहून मुलगा मच्छिंद्र (नगरला छापखान्यात नोकरीला आहे), वडील रंगनाथराव आणि आई रतनबाई असे आले. पोहे झाले. रंगनाथरावांनी विचारले, "पोरीला पिक्चरचा नाद न्हाई ना?" नाना ताठ बसून म्हणाले, "एक बी बघितला न्हाई तिनं." इथे मी गप्प बसले असते तरी चालले असते, पण ती फसवणूक झाली असती. मी म्हणाले, "पिक्चर नाही, पण जाहिराती पाहते." नाना पोह्यांच्या बशीत बघत राहिले.

रतनबाई म्हणाल्या, "म्हंजी कसं? सांग की एखादी."

मी डोकेदुखीच्या गोळीची सांगितली. सासू कपाळाला पट्टी बांधून पडलेली, घरात कोणी हसत नाही, सून उशाशी बसलेली. सून गोळी देते. सासू डोळे उघडते आणि सुनेकडे पहिल्यांदाच नीट बघते. आई, आत्या, रतनबाई, तिघींचे पदर डोळ्यांना.

"मंग?"

"मग गोळीची डबी दिसते."

"आन सासू काय बोलली?"

"काही नाही."

"अगं, सुनंनं येवढं केलं, आन बोलली बी न्हाई? कसली बाई म्हनायची!"

मी समजावले की तिथेच थांबण्यात खरी कला आहे. रतनबाईंना वाटले, मी त्यांनाच लावून बोलते. "आमी काय सुनंशी बोलनार न्हाई व्हय?" म्हणून त्या तापल्या. तोवर शेवटची एस.टी. गेली होती. रंगनाथराव म्हणाले, "चला, बघूच ती बाई," आणि सगळे तंबूकडे निघाले, नानासुद्धा.

पुंजारामने पाहुण्यांच्या मानाने चहा आणि गोळी, दोन्ही लावल्या. सासूने डोळे उघडले तशा रतनबाई बायकांच्या घोळक्यातून ओरडल्या, "बोल की गं बया!" मागून अख्खा तंबू ओरडायला लागला. सासू काही बोलली नाही. डबी दिसली, आणि मी उठले. भरल्या तंबूतून, दाखवायची मुलगी, एकटी बाहेर. मागे रंगनाथराव विचारत होते, "पोरगी कुटं चालली?" आणि नाना त्यांना भंडाऱ्याचे समजावत होते. स्थळ तिथेच मोडले असे मी धरते.

पुढचे लिहायचे कारण नाही, पण लपवले असे व्हायला नको. थोड्या वेळाने मच्छिंद्र बाहेर आला. (इंजिनवाला जवळच होता.) इंजिनाच्या आवाजात त्याला ओरडूनच बोलावे लागले. म्हणाला, "स्टेशनमास्तर तिला कप द्यायच्या आधी बशी पुसतो, ते बघितलंत का?" मी ती जाहिरात इतक्यांदा पाहिली, पण बशी पाहिली नव्हती. मला राग आला. तो पुसत नाही, असे मी ठासून सांगितले, आणि पिक्चर सुटेपर्यंत आम्ही बशीवर वाद घातला. पहिल्याच भेटीत चुका काढणारा माणूस मला नको. तुम्हीही हेच म्हणाल, याची खात्री आहे.

नानांइतकाच तुमचा मान आहे, तेव्हा अधिक काय लिहू? गुडघा व खोकला सांभाळावा.

तुमची भाची,
मनकर्णा

ता. क. काल पुन्हा जाऊन पाहिले. तो बशी पुसतो. कोटाच्या बाहीने.

ता. क. दुसरा. केडगावहून रतनबाईंचा निरोप आला: "पोरीला म्हनावं, तू गोळी दे, मी बोलते का न्हाई बघ." नाना आज तुम्हाला पत्र टाकतील. वर दोन ठिकाणी मी मुलाचे नाव घेऊन लिहिले आहे आणि अरेतुरे केले आहे. ते कृपा करून खोडून वाचावे. आता ते बरे दिसत नाही. नानांना होकार कळवावा. मी सांगितले असे लिहू नये, पण खोटेही लिहू नये. कसे जमवायचे ते तुम्ही बघा.

ता. क. तिसरा. नगरला तंबू नसतो, पक्की थिएटरे आहेत. माहेरी उचललेला भंडारा सासरी लागू राहतो का, हे कोणा जाणत्याला विचारून कळवावे. राहत असेल, तर पक्क्या थिएटरात इंजिन कुठल्या बाजूला असते, आणि तिथे पोत्यावर दोघांना बसू देतात का, तेही.