स्टिअरिंग सुटल्यावर

४ जानेवारी

ह्यांनी गाडीची किल्ली स्वतःहून माझ्या हातात ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवाच बजावलं — नजर कडेकडून जातेय, आता गाडी चालवायची नाही. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. नुसतं म्हणाले, "ठेव कुठेतरी." आणि बाल्कनीत जाऊन बसले. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं!

६ जानेवारी

लग्नानंतर पहिल्यांदाच बसने ऑफिसला गेले. रोज हे मला सोडून पुढे त्यांच्या कारखान्यात जायचे. आमचं खरं बोलणं त्या गाडीतच व्हायचं — लेकीचं लग्न, सासूबाईंचं दुखणं, रुसवेफुगवे सगळं. समोर रस्ता असला की ह्यांना मोकळं बोलता यायचं. घरी आलं की हे टीव्हीसमोर, मी ओट्यापाशी.

बसमध्ये शेजारची बाई मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. उतरेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

१३ जानेवारी

ऑफिसात नवीन काम. शहरात ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या येणार आहेत. त्याआधी लोकांना काय वाटतं ते दारोदार जाऊन विचारायचं. सुरुवातीला विचारायचं, रोज कामाला कसे जाता? शेवटी — अशा गाडीत बसाल का?

गंमत म्हणजे पहिल्या उत्तरावरूनच शेवटचं ओळखता येतं! बसने जाणारे म्हणतात, "बसू की! आत्ता तरी कुठे ड्रायव्हरचं तोंड बघतो?" स्वतः गाडी चालवणारे मात्र हात झटकतात. एक वकील तर खवळलाच — "मी काय पोतं आहे, मागे टाकलं आणि नेलं!" एक नर्स भेटली, रात्रपाळी करून आलेली. "कोणीही चालवा हो, मला झोपू द्या."

घरी येऊन ह्यांना सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. हसले नाहीत.

२२ जानेवारी

हे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. कारखान्यातले मित्र बोलवायला आले, त्यांनाही वाटेला लावलं. संध्याकाळी पेपर माझ्या पुढे करतात. "तूच वाच. तुझ्या आवाजात बरं वाटतं." या वयात लाडात आलेत!

३ फेब्रुवारी

चाचणीच्या गाड्या आल्या. आम्हा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना फुकट फेरी. ह्यांना म्हटलं, एकटे कुठेही जाल, कोणाची मनधरणी नको.

"नको."

"पण का?"

"नको म्हटलं ना!"

माझाही तोल गेला. "जन्मभर स्टिअरिंग धरलंत, ते सुटत नाही तुमच्याच्याने. रोज बघते मी असली माणसं!"

ताटावरून उठून गेले.

९ फेब्रुवारी

लेकीने फोनवर फैलावर घेतलं तेव्हा कुठे तयार झाले. "पण तू बरोबर हवीस."

मागच्या सीटवर दोघं शेजारी शेजारी — असं कधी झालंच नव्हतं! पुढची सीट रिकामी आणि चाक आपलं आपलं फिरतंय. ह्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. आणि बोलायला लागले! कारखान्यातले किस्से, लेकीच्या लहानपणच्या खोड्या. रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही, सगळा वेळ तोंड माझ्याकडे. मला नवी नवरी झाल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी परत जायचं ठरलं.

१६ फेब्रुवारी

फेरी संपवून गाडी परत आमच्या फाटकाशी येऊन थांबली. आवाज तर तिला नाहीच. लख्ख ऊन होतं. हे बोलतच होते. मग मध्येच थांबून म्हणाले, "हा सिग्नल फारच लांबला, नाही गं?"

आत्ता डॉक्टरांच्या घरी फोन केला. ह्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो म्हणाले. हे मला कळू द्यायचं नाही, असं ह्यांनीच त्यांना बजावलं होतं.

मी गाडीत एवढंच म्हटलं — "हो, लांबलाय." आणि त्यांचा हात धरून बसून राहिले.