थिअरी नंबर चारचा मारेकरी

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या नटांचे सुरुवातीचे दिवस पुढे कुणालाच नीट आठवत नाहीत, खुद्द नटालाही नाही. म्हणून लिहून ठेवतोय. कुणाला दाखवायला नाही.

सिनेमात काम मिळालं. विषय गंभीर. फार वर्षांपूर्वी भर चौकात, सभा चालू असताना, एका पुढाऱ्याचा खून झाला. तो कुणी केला याच्या पाच थिअऱ्या आहेत आणि सिनेमात पाचही दाखवणार आहेत. थिअरी नंबर चारमध्ये खिडकीच्या पडद्यामागून गोळी झाडणारा तो मी. संवाद नाही. पण खून आहे.

लेकीला सांगितलं. आठवीत आहे. हल्ली रस्त्यात माझ्यासोबत चालत नाही, पुढे पुढे जाते. आज मोबाईल खाली ठेवून विचारलंन, खरंच का. म्हटलं, पहिल्या शोला सगळ्या मैत्रिणींना घेऊन ये. हो म्हणाली. आता माघार नाही.

६ फेब्रुवारी
संकल्प: मारेकऱ्यासारखं जगायचं. कमी बोलायचं, पापणी हलवायची नाही. जेवताना बायकोकडे एकटक बघत राहिलो. तिने विचारलं, मीठ कमी पडलंय का.

मेव्हणा टपकला. पाण्याचे फिल्टर विकतो. चेहरा असा की ग्रुप फोटोत त्याची सख्खी बहीण, म्हणजे आमची ही, त्याला शोधत बसते. विचारत होता, शूटिंगला जेवण देतात का. अशा माणसाशी कलेबद्दल काय बोलणार.

११ फेब्रुवारी
शूटिंग सुरू. प्रत्येक थिअरीच्या माणसांना मनगटावर वेगळ्या रंगाची फीत. एका थिअरीतला माणूस चुकूनही दुसरीत दिसता कामा नये, असं असिस्टंट बाईंनी भोंग्यावरून बजावलं. माझी हिरवी. दिवसभर बसून राहिलो. नंबर लागला नाही.

१२ फेब्रुवारी
सीन झाला. मी पडद्यामागे, कॅमेरा पडद्यापुढे. दिसलं काय, तर बंदुकीची नळी आणि थोडंसं नाक. दिग्दर्शकांना सुचवलं, मारेकऱ्याने क्षणभर पडदा सारून बाहेर बघावं, म्हणजे त्याचं दुःख पोचेल. बघू म्हणाले. म्हणजे पटलंय, पण वेळ नाही.

चैन पडत नाही. मैत्रिणींना काय, नाक दाखवणार?

१५ फेब्रुवारी
मार्ग काढला. फीत खिशात घातली आणि गर्दीत शिरलो. थिअरी एकमध्ये झेंडा धरला. दोनमध्ये पोलिसांच्या कड्याला टेकून उभा. तीन आणि पाचमध्ये थेट स्टेजखाली. गोळीचा आवाज झाला की सगळे खाली वाकतात. मी वाकलो नाही, चेहरा झाकला गेला असता. प्रत्येक वेळी नजर कॅमेऱ्यात.

गडबडीत बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. हिने मेव्हण्याच्या हाती पाठवल्या. तो पाकीट हातात धरून भिंतीशी खांबासारखा उभा. दिग्दर्शक त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

३ मार्च
दिग्दर्शकांचा फोन, एडिटिंगला या. सबबी तयार ठेवल्या: चक्कर आली होती, रंग ओळखता येत नाहीत.

गेलो तर दिग्दर्शक खूश. म्हणाले, पाचही थिअऱ्यांत एकच माणूस हजर, आणि तो कोण हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. अख्खा सिनेमा आता याच माणसावर. शेवटचा शॉटही त्याचाच. एडिटरने विचारलं, पुढारी पडतोय आणि हा माणूस हसतोय कशाला. मी म्हटलं, ते आतलं हसू आहे. दिग्दर्शक म्हणाले, चेहऱ्याचं काहीतरी करावं लागेल. म्हणजे मेकअप.

निघताना त्यांनी मेव्हण्याचा नंबर मागितला. दिला. तिथलं पाणी खरंच वाईट आहे.

१० मार्च
मी नोकरी करतो त्या गोदामात साहेबांना सांगून टाकलं, पुढच्या वर्षी मला कामावर धरू नका. साहेब म्हणाले, बरं. एवढंच. धक्का बसला असणार.

सहीचा सराव सुरू.

२ एप्रिल
मेव्हणा कामावर गेला नव्हता. म्हणतो, फोटो काढायचे होते, समोरून, बाजूने, मान वर करून, मान खाली घालून. पासपोर्टचे नियम फारच कडक झालेत.

१९ जून, पहिला शो
मैत्रिणींची अख्खी रांग भरली होती. मेव्हण्यालाही कुणीतरी बोलावलं होतं.

थिअरी एक. झेंडा माझा. शर्ट माझा. उभं राहणं माझं. मुंडकं मेव्हण्याचं. कॉम्प्युटरवर बसवलंय म्हणे. थिअरी दोन, तेच. तीन, तेच. चारमध्ये नाकसुद्धा त्याचं. शेवटी पडदाभर मेव्हणा, घरोघर बेल वाजवून दाराशी थांबतो तसाच, आणि हॉल चिडीचूप. शेजारचा माणूस म्हणाला, काय अभिनय आहे.

बाहेर सगळ्या त्याच्याभोवती. फोटो मी काढले. लांबून सगळे मावत होते.

माझी थिअरी नंबर सहा: गोळ्या कुणी पाठवल्या? बायकोने. कुणाच्या हाती? भावाच्या. नंबर कुणी दिला? इथे थिअरी अडते. बायको म्हणाली, गोळ्या विसरलं कोण, तेही लिहा.

साहेबांना उद्या भेटायला हवं.

घरी येताना लेक माझ्या बरोबरीने चालत होती. म्हणाली, समोर माणूस मरत असताना कान खाजवत उभा राहणारा जगात तूच, मी पहिल्याच सीनला ओळखलं. मैत्रिणींना सांगितलंसुद्धा, की मानेखालचा सगळा माझा बाबा आहे.

विचारलं, मग काय म्हणाल्या.

म्हणाल्या, ही नुसती थिअरी आहे.