मेघाच्या हारांचे निळे गुलाब

राजेंद्र,
उठलास की आधी मोरीतली बादली बघ. परवा निळ्या पाण्यात उभे केलेले तुझे गुलाब माना टाकून बसलेत. साध्या पाण्यातले पांढरे अजून ताठ हायेत. देठानं रंग पिला की फूल लवकर जातं, हे तुझ्या मोबाईलमधल्या मास्तरानं सांगितलं नाय व्हय? मोठा आला रंगारी! बहिणीला निळ्या हारांचा शब्द देऊन बसलास. आज विहारात लग्न, अन् तिच्या गळ्यात ही मरगळ घालायची? मी शहागंजच्या फूलबाजारातून आणखी पांढरे गुलाब आणते. बादली ओत, बोटं घास. मेघा रुसली तर सांग, आईलाच निळे नको होते.
आई