माझ्या खात्यातलं तुझं उत्तर

॥ जय मल्हार ॥

पंचवटी, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मनोज यास दादाचा आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडी सुरू झाल्यापासून तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. गाळ्यावर शेवंती भरपूर आहे. झेंडू पावसाने काळा पडला तो पडलाच. तुझं ऑनलाइन केंद्र बसस्टँडच्या मागे मोठ्या जागेत गेलं असं देवळ्याच्या एका फूलवाल्याकडून कळलं. ऐकून बरं वाटलं.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. एक तर तू फोन उचलत नाहीस. दुसरं म्हणजे काम बँकेचं आहे, आणि बँकेची बाई फोनवर रोज बजावते की गुप्त माहिती फोनवर कोणालाही सांगू नका. पत्राबद्दल ती काही बोलत नाही.

झालं असं. जुना मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला. नवा घेतला, तर बँकेचं ॲप मला ओळखेना. पासवर्ड विचारला, तो आठवेना. 'पासवर्ड विसरलात?' असं खाली लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवलं. मग ते म्हणालं, सुरक्षा प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न असा: तुमच्या लहानपणीच्या जिवलग मित्राचं नाव काय?

मी हसलो. म्हटलं, हे सोपं आहे. हिरामणचं नाव टाकलं. शाळेत एका पाटावर बसायचो, तो सोडून कोण? लाल अक्षरांत आलं, उत्तर चुकलं. इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहिलं तरी तेच. मग वाटलं, तू थट्टा केली असशील, म्हणून आपल्या वाघ्या कुत्र्याचं नाव टाकलं. तेही चूक. आता एकदाच संधी, नंतर खातं बंद, असं आलं.

सुवर्णा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "स्वतःचा जिवलग कोण हे माहीत नसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघते."

"उत्तर मी दिलेलं नाही ना. मनोजने दिलंय."

"मग विचारा की भाऊजींना," म्हणाली, आणि तांदूळ घेऊन आत गेली. तुझं नाव निघालं की ती असंच करते. एवढंच बोलते आणि उठते.

तुला आठवत असेल. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तू आला होतास, तेव्हा गाळ्यात फुलांच्या गोणीवर बसून तूच हे सगळं सुरू करून दिलंस. पासवर्डात मी खंडोबाचं नाव घालायला सांगितलं, तर यंत्राने 'कमकुवत' असा शेरा मारला. मला रागच आला. तू म्हणालास, दादा, देवाच्या नावापुढे एक आकडा आणि एक चिन्ह लाव, मग चालतं. मग हा प्रश्न आला, आणि मला न विचारताच तू भराभर काहीतरी टाइप केलंस आणि हसलास. मी विचारलं, काय लिहिलंस? तू म्हणालास, "तुले काय समजस त्यातलं? बस गुपचूप. इसरी गया तं माले इचारजो."

म्हणून विचारतो आहे.

या प्रश्नाचा मी फार विचार केला. पहाटे माळा ओवताना हात आपोआप चालतात, डोकं मोकळं असतं. बँकेला माझ्या मित्राशी काय करायचं? हेल्पलाइनच्या मुलीलाही मी विचारलं. ती म्हणाली, "काका, जे फक्त तुम्हालाच माहीत असतं तेच आम्ही विचारतो." म्हटलं, पोरी, हे मला सोडून दुसऱ्यालाच माहीत आहे. ती म्हणाली, "मग ते सुरक्षित नाही, काका."

मला ते पटलं नाही. आपल्याबद्दलचं काही दुसऱ्याजवळ ठेवलेलं असेल तर ते जास्त सुरक्षित नाही का? आई माझा जन्म सांगायची तेव्हाच मला तो कळायचा. माझं मला काय आठवणार होतं?

एक नाव माझ्या मनात पहिल्यापासून आहे. हिरामणच्याही आधी आलं होतं. ते मी टाकलं नाही. खातं बंद होईल म्हणून नव्हे. ते नाव टाकलं असतं आणि लाल अक्षरांत 'चूक' आलं असतं, तर मला ते सोसलं नसतं.

आता खरं सांगतो. खातं परवाच सुरू झालं. आधार कार्ड घेऊन शाखेत गेलो. अंजली मॅडम म्हणून आहेत, त्यांनी अंगठा घेतला आणि सगळं नवीन करून दिलं. मी म्हटलं, मॅडम, जुनं उत्तर काय होतं तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, "ते आम्हालाही दिसत नाही. आणि आता पुसलं गेलं." रांगेतले मागचे लोक सरका सरका म्हणत होते, पण माझा पाय निघेना. तुझं माझ्याबद्दलचं एक बोलणं त्यात होतं, मनोज. ते मीच अंगठा देऊन पुसून आलो.

म्हणजे आता ते फक्त तुझ्याजवळ आहे. बँकेला नको आहे. मला हवं आहे.

देवांबद्दल लिहू नये असं ठरवून बसलो होतो, पण लिहितो. आई गेल्यावर मी देवांचे टाक नाशिकला आणले, ते थोरल्याकडे देव असतात म्हणून. दोन वर्षं रोज पूजा करतो, एक दिवस चुकलेला नाही. पण लहानपणापासून टाक घासायचास तू, भंडारा लावायचास तू. मी नुसता आरतीला उभा राहायचो. देव डब्यात ठेवताना तू दारातून म्हणालास, "दादा, देव नेले, आता घरात काय राहिलं?" मी डब्याचं झाकण लावलं आणि निघालो. रीत कोणाच्या बाजूने आहे हे मला ठाऊक आहे. देव कोणाच्या बाजूने आहे हे अलीकडे सांगता येत नाही.

गेल्या चंपाषष्ठीला तळीचं ताट उचलायला घरची माणसं नव्हती. शेजारच्या गाळ्यांवरचे चौघं बोलावले. भले लोक, येळकोट जोरात म्हणाले. पण ताट एका बाजूने कलंडलं आणि भंडारा फरशीवर सांडला. सुवर्णा पदराने पुसत राहिली.

यंदा चंपाषष्ठी २६ तारखेला, बुधवारी आहे. आम्ही मंगळवारी संध्याकाळच्या एसटीने नामपूरला आपल्या घरी येतो. टाक बरोबर असतील, आणि परतताना माझा डबा रिकामा असेल. देवघराची फळी पुसून ठेव. नैवेद्याची वांगी सुवर्णा इथून आणते आहे, बाजरीचं पीठ तिकडचंच चांगलं.

नव्या खात्यातही तोच प्रश्न आला होता. मॅडम म्हणाल्या, दुसरा निवडलात तरी चालेल. मी तोच ठेवला. या वेळी उत्तर मीच दिलं, मनात होतं ते. यंत्राने चूक म्हटलं नाही. त्याला काय कळतं, जे द्यावं ते घेतं. ते बरोबर आहे का, हे सांगणारा एकच माणूस आहे.

उत्तर पत्राने पाठवू नकोस. तळी उचलताना माझ्या समोरच्या बाजूला उभा राहा, म्हणजे ताट कलंडणार नाही. मग सांग.

तुझ्या बाजूची जागा धरून असलेला,
चिमादादा