गरम इंजिन

बाबा, मी ट्रॅक्टर घेतला. जुना, छोटा, दोन ओळींतून डवरणीला, तण काढायला जाईल असा. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "कोनं बनवलं तुले?" म्हणून सांगते, चार चकरा मारल्या, मग घेतला.

गेल्या पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर साऱ्या गावाचं करून शेवटी माझ्या साडेतीन एकरांत आला. बाई एकटी आहे, थांबेल, असं ड्रायव्हरनं धरलेलं. तोवर ओल उडाली आणि सोयाबीन निम्मंच उगवलं. यंदाही तसंच झालं असतं तर वावर दुसऱ्याला कसायला द्यावं लागलं असतं, आणि ते मला मेल्यासारखं झालं असतं.

अमडापूरकडच्या एका म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर विकायला आहे असं कळलं. न कळवता सकाळी सातला गेले. रंग जुनाच, खोट झाकायला वरून नवा मारलेला नाही, म्हणून जरा बरं वाटलं. इंजिनावर हात ठेवला तर गरम. तुमचं गॅरेज आठवलं. मी शाळेतून तिथेच यायची, तुम्हाला पाने-पक्कड द्यायची. एकदा दुकानदाराच्या शब्दावर बेअरिंग घेऊन आले तर गिऱ्हाइकासमोर झापलंत, "पुडक्यावर काय लिवलं ते पाहू नको, माल पाह्य!" आणि जुन्या गाडीबद्दल ठरलेलं, "सकायी इंजिन गरम दिसलं का समजाचं, मालकानं काहीतरी लपवलं हाय."

थंड सापडावं म्हणून दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेले. गरम. तिसऱ्या दिवशी सहाला गेले. गरमच. तेल पाहिलं, पाणी पाहिलं, धूर पाहिला, कुठेच खोट नाही, आणि त्यानंच माझा संशय वाढला. म्हातारा बाजेवर बसून माझी खुडबुड ऐकतोय. शेवटी वैतागला.

"बाई, तुले ट्रॅक्टर घ्याचा हाय का माह्यावर केस कराची हाय?"

चौथ्या दिवशी म्हणाला, "घे, वावरात नेऊन पाह्य." त्यानं चावी पुढे केली. मी उजवीकडे उभी होते, चावी समोर, रिकाम्या जागेकडे. मी न बोलता डावीकडे सरकले. चावी तिथेच. लपवलेलं मला सापडलं, पण ते इंजिनात नव्हतं.

"बाबाजी, तुम्हाले दिसत नाही?"

त्यानं चावी मुठीत धरली. "सांगू नको कोनाले. आंधयाची गाडी म्हनलं का लोक म्हनतीन, कुठंतरी ठोकली असन. दोन साल झाले, वावरात नेली नाही. रोज पहाटे उठून चालू करतो फक्त. आवाज आयकला का बरं वाटते."

मला लाज वाटली. तरी मी गिअरबॉक्स पुन्हा तपासला, बाबा. तुमचीच पोर.

ट्रॅक्टर घेऊन निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत आला. म्हणाला, "कधी इकडून गेली तं दोन मिनिट थांबवजो. बंद करू नको, चालूच ठेवजो." मी हो म्हटलं.

पेरणी वेळेवर झाली, सोयाबीन घोट्याच्या वर आलंय. हा कागद तुम्हाला पोचणार नाही, म्हणून सांगते. तीन वेळा तिकडून जायचं काम पडलं, तिन्ही वेळा मी लांबच्या रस्त्यानं गेले. वाटलं, आवाज ऐकून म्हातारा परत मागेल. तो मागणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.